वेंगुर्ल्यातलं बोटीच्या काळातलं लॉज : पाडावं की सावरावं?

मुग्धा_वेंगुर्ला

नमस्कार मंडळी,

वेंगुर्ल्यात बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमच्या पणजोबांनी चालवलेलं जुनं लॉज आहे. खाली खानावळ, वर राहायच्या खोल्या, पुढे लाकडी सज्जा. मुंबईच्या बोटीने येणाऱ्या-जाणाऱ्यांवर हे सगळं चालायचं. बोट बंद पडल्यावर काही वर्षं मास्तर आणि बँकेतले लोक महिन्याच्या बोलीवर राहायचे. मग तेही थांबलं. आजी होती तोवर खालच्या दोन खोल्या नांदत्या होत्या, आता कुलूप आहे.

भिंती चिऱ्याच्या, जाडजूड. वर कौलं. मे २०२१ च्या तौक्ते वादळात मागच्या बाजूची कौलं उडाली, तिथे घाईघाईत पत्रे घातले, ते अजून तसेच आहेत. माडीवरची तक्तपोशी, म्हणजे फळ्यांची जमीन, चांगली वाटते. खरी काळजी खालच्या भिंतींची. कंबरेपर्यंत बारमाही ओल. गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो आणि मागून लाल भुकटी गळते, रोज झाडलं तरी कडेला लाल रेघ उमटतेच. हा गिलावा सिमेंटचा आहे, नव्वदच्या सुमारास आतून-बाहेरून केलेला.

एका ठेकेदाराने भिंतीवर हात मारून सांगितलं की यात आता जीव उरलेला नाही, पाडा, स्लॅब टाका, दहा खोल्या सहज निघतील. माझ्या चुलतभावांना ते पटलंय. दुसरा म्हणतो, जुना गिलावा काढून वॉटरप्रूफिंगचं केमिकल मारू आणि परत सिमेंट करू. मला दहा खोल्या नकोत. चार चांगल्या खोल्या आणि खाली पूर्वीसारखी खानावळ, एवढंच हवं आहे. या वास्तूवर माझा फार जीव आहे, पण नुसत्या जीव असण्यावर घर उभं राहत नाही हेही कळतं, म्हणून जाणकारांना विचारते.

दुसरं म्हणजे वय. उतरवलेल्या कौलांच्या पाठीवर बासेल मिशन आणि १८६५ असा ठसा आहे. म्हणजे इमारत १८६५ ची धरायची का? शिवाय पत्र्याच्या ट्रंकेत मुक्कामाची जुनी रजिस्टरं मिळाली आहेत. त्यांचं काय करावं?

चिरेबंदी

मुग्धाताई, पाडायचा विषय निदान एक पावसाळा पुढे ढकला. भावांना तेवढं पटवा.

मी कुडाळचा. जुनी घरं आणि देवळं दुरुस्त करायचं काम आमच्याकडे वडिलांपासून आहे. खाली ओल, वर कोरडं आणि लाल भुकटी, हे तुम्ही लिहिलेलं चित्र मी वेंगुर्ल्यापासून मालवणापर्यंत बघतो. त्यात भिंत मेल्याचं एकही लक्षण नाही. तुमचे चिरे जांभ्याचे, आणि जांभा सच्छिद्र दगड आहे, जमिनीतलं पाणी तो थोडंफार वर ओढणारच. पूर्वी चिरा उघडा असायचा किंवा वर चुन्याचा गिलावा असायचा. ऊन-वारा लागून ते पाणी तिथल्या तिथे उडून जायचं. सिमेंटचा थर घट्ट. पाण्याला बाहेर यायला वाट मिळत नाही, म्हणून ते भिंतीत आणखी वर चढतं. त्याच्याबरोबर आलेला क्षार गिलाव्याच्या मागे साठतो, सुकताना त्याचे बारीक खडे होतात आणि ते खडे चिऱ्याचं तोंड आतून फोडतात. लोणा म्हणतात तो हाच. तुमची लाल भुकटी म्हणजे फुटलेला जांभा. दुसरा ठेकेदार जे सांगतोय ते केलंत तर दोन-तीन वर्षं भिंत छान दिसेल आणि ओल पार माडीच्या तुळयांपर्यंत पोचेल. तुळयांची टोकं कुजली की मग पाडायला खरंच कारण मिळेल.

आता क्रम. आधी छप्पर. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यात मागच्या बाजूला पत्रे. पत्र्याखाली दमट हवेचं पाणी धरतं आणि ते वाशांवर टिपकतं, कौलाखाली वारा फिरतो म्हणून तसं होत नाही. पत्रे काढा, वासे-रिपा तपासा आणि जुनी साबूत कौलं परत चढवा. कमी पडली तर पाडलेल्या घरांची कौलं मिळतात. नवी आणि जुनी एका ओळीत मिसळू नका, मापात किंचित फरक असतो आणि खाचा बसत नाहीत. पुढची बाजू जुन्या कौलांची करा, नवी मागे जाऊ द्यात. त्यानंतर दर वर्षी मे महिन्यात कौलं परतून घ्यायचीच. हा खर्च कायमचा धरून चाला.

मग जमीन. घराच्या दारात उभं राहून रस्त्याकडे बघा. डांबराचे थर चढून चढून रस्ता जोत्याच्या बरोबरीला आलाय का? बहुतेक गावांत हे झालंय. पूर्वी पाणी घराकडून रस्त्याकडे जायचं, आता उलटं येतं. भिंतीलगत कोणी कोबा केला असेल तर हातभर रुंदीचा उखडा, चर काढून खडी भरा आणि उतार घरापासून लांब द्या. ओलीतली बरीचशी इथेच कमी होते. हे काम कमी पैशाचं आहे, म्हणूनच कदाचित कोणी सुचवत नाही.

पाऊस गेला की सिमेंट काढायचं. ओल जिथपर्यंत दिसते त्याच्या फूटभर वरपर्यंत. छिन्नी तिरकी धरून हातानेच, ब्रेकर मशीन लावू द्यायचं नाही, चिऱ्याचे कोपरे उडतात. उघड्या भिंतीवर पांढरा क्षार फुलून येईल. तो कोरड्या कुंच्याने झाडून सुपात घ्यायचा आणि आवाराबाहेर टाकायचा. पाण्याने धुतलात तर विरघळून परत आत जाईल. असं दिवाळीपासून निदान दोन-अडीच महिने भिंत उघडी राहू द्या, दारं-खिडक्या दिवसभर सताड. रोज झाडलं की क्षार हळूहळू कमी होताना डोळ्यांना दिसतो.

त्यानंतर चुना. पिशवीतली पूड घेऊ नका. कळीचा चुना आणून पाण्यात विरवायचा आणि हौदात पाण्याखाली मुरत ठेवायचा, जितका जुना तितका लोण्यासारखा होतो. हे काम पावसाळ्यातच सुरू केलंत तर भिंत सुकेपर्यंत चुना तयार. एक भाग चुना, तीन भाग नदीची चाळलेली वाळू, थोडी विटांची सुरखी. समुद्राची वाळू अजिबात नको, जो क्षार झाडून काढला तोच परत भरल्यासारखं होईल. जुने गवंडी यात गुळाचं आणि हिरड्याचं पाणी घालत, आम्ही अजून घालतो. थर पातळ द्यायचे, एक आवळला की दुसरा, आणि प्रत्येक थर गोणपाट लावून काही दिवस ओला ठेवायचा. चुना हवेतून कर्बवायू घेऊन सावकाश दगड होतो, त्याची घाई चालत नाही. फेब्रुवारीअखेर गिलावा उरकलेला हवा, म्हणजे पावसाआधी त्याला तीन महिने मिळतात. मिस्त्री म्हणेल, घट्ट व्हायला मूठभर सिमेंट घालतो. तिथे ठाम राहा. आणि पहिला गिलावा काही वर्षांनी खालच्या बाजूला खराब झाला तर घाबरू नका. उरलेला क्षार तो स्वतःत ओढून घेतो, तेवढा पट्टा काढून परत करायचा. चिरा वाचतो, हे महत्त्वाचं.

विश्वास बसायला एकदा सावंतवाडीच्या राजवाड्यात जाऊन या. मोती तलावासमोर, तिसऱ्या खेमसावंतांच्या (१७५५ ते १८०३) काळातला. लाल जांभ्याच्या त्या कमानी बघा, किती पावसाळे त्यांनी घेतले असतील! आज त्याच राजवाड्यात हॉटेल आहे आणि दरबार हॉलमध्ये गंजिफे, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, रंगवणारे कलाकार बसतात. तुमची इमारत लहान, पण दगड तोच आणि पाऊसही तोच.

कौलांबद्दल. १८६५ हे मंगळूरला बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या संस्थेने कौलांचा कारखाना काढला ते साल. ठशात ते पुढे कितीतरी वर्षं तसंच छापलं जायचं, त्यावरून घराचं वय ठरत नाही. सगळी कौलं उलटून बघा. पहिल्या महायुद्धानंतर मिशनचे कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्ट या कंपनीकडे गेले. तिचं नाव असलेली कौलं निघाली तर निदान ती कौलं १९२० च्या आसपासची किंवा नंतरची. अर्थात कौलं बदलली जातात, भिंती त्याहून जुन्या असू शकतात. वेंगुर्ल्याची नगरपालिका १८७६ ची आहे, घरपट्टीचे जुने उतारे मागून बघा. पक्का पुरावा तिथे मिळाला तर मिळेल.

बंदरावरचो

मुग्धा, बाळा, तुझा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. माझं वय आता ऐंशीच्या पुढे. चुना-सिमेंटाचं वर लिहिलंय ते त्यातला माणूस लिहितोय, मी त्यात पडत नाही. पण त्या इमारती कशासाठी होत्या ते सांगायला आता माणसं उरली नाहीत, म्हणून लिहितो.

आमच्या लहानपणी मुंबई म्हणजे बोट. बोट धक्क्याला लागत नसे, बाहेर खोल पाण्यात नांगर टाकून उभी राहायची. पडाव घेऊन खलाशी जायचे आणि माणसं, ट्रंका, वळकट्या, आंब्याच्या पेट्या सगळं त्यातून ये-जा करायचं. बायका मुलांना पोटाशी धरून शिडीवरून उतरायच्या, खालून पडाव वर-खाली होतोय, आणि खलाशी ओरडतोय, "आता! आता पाय टाक!" तो क्षण चुकला तर दुसऱ्या लाटेची वाट बघायची. माझी आई दर वेळी डोळे मिटून उतरायची. धूर दिसला की बंदरावरची पोरं "बोट इली रे!" करत बाजारभर धावत सुटायची, आणि त्या आवाजावर लॉजच्या चुली पेटायच्या.

बोटीचं वेळापत्रक कागदावर. वारा असला की उशीर, त्यामुळे सावंतवाडी, आंबोली, बेळगावकडून आलेली माणसं आदल्या रात्रीच मुक्कामाला यायची. तुमच्यासारखी लॉजं त्या एका रात्रीसाठी होती. वरच्या हॉलमध्ये ओळीने खाटा, कोपऱ्यात पाण्याचं पिंप, सज्जात उभं राहून समुद्राकडे बघणारा एखादा अस्वस्थ चाकरमानी. पहाटे उकड्या तांदळाची पेज, लोणच्याची फोड, आणि ज्याला बोट लागते त्याने पेज नको म्हटलं तरी वाढणारा आग्रहाने वाढायचा, रिकाम्या पोटी जास्त त्रास होतो म्हणून. दर्यावरच्या प्रवासाला घाबरलेल्या माणसाला असं जेवू घालणं हा त्या घरांचा धर्म होता. खानावळ परत सुरू करतेस याचा मला म्हणूनच आनंद आहे.

रजिस्टरं नीट बघ. जूनपासून पुढे पानं रिकामी किंवा अगदी तुरळक नावांची असतील. पावसाळ्यात बोट बंद, नारळी पौर्णिमा उलटून दर्या शांत झाल्यावर पुन्हा सुरू. मे महिन्यात पानं भरून वाहत असतील. नाव, गाव, येण्याचं कारण असे रकाने असतात, कारण पोलीस तपासायला येत. त्या कारणांच्या रकान्यात तुला आमच्या तळकोकणाचा सगळा संसार दिसेल. लग्न, कोर्टाचं काम, गिरणीत नोकरी, आजारी माणसाला मुंबईच्या इस्पितळात नेणं.

आणि आमचं गाव लहान समजू नकोस. सतराव्या शतकात डचांनी इथे वखार घातली, गोव्याच्या पोर्तुगिजांची कोंडी करायला त्यांची जहाजं इथूनच शिधा-पाणी घेत. ती वखार आज पडझडीत उभी आहे, संरक्षित स्मारक असूनही, आणि ते बघून मला खरोखर वाईट वाटतं. १८१२ मध्ये सावंतवाडीकरांकडून गाव इंग्रजांकडे गेलं. आंबोलीच्या घाटाने बेळगावचा माल इथे उतरायचा. मग १८८० च्या दशकात मुरगावला रेल्वे पोचली आणि घाटावरचा माल तिकडे वळला. व्यापार गेला, माणसांची ये-जा तेवढी राहिली, आणि तिच्या जोरावर तुझ्या पणजोबांसारख्यांनी लॉजं चालवली. म्हणजे तुझी वास्तू गावाच्या पडत्या काळातली आहे. पडत्या काळात कोणीतरी उमेदीने उभं केलेलं घर आहे ते. पाडू नका रे.

देवगडची_सून

आम्ही देवगडजवळ सासऱ्यांच्या जुन्या घरात पाहुणे ठेवतो, त्यामुळे मी धंद्याच्या बाजूने सांगते.

सगळ्यात मोठा धोका म्हणजे माडीवर संडास-बाथरूम. पाहुण्यांना खोलीला लागून हवंच असतं, त्यात चूक नाही. पण लाकडी जमिनीवर ते बांधलंत की पाइपाचा एखादा सांधा कधीतरी गळणारच, आणि तक्तपोशीच्या आत गळलेलं पाणी महिनोन् महिने कळत नाही. आमच्या ओळखीच्या एका घरात तुळई हाताने कुस्करली जाईल इतकी कुजल्यावर कळलं. आम्ही मागच्या पडवीच्या जागी स्वतंत्र पायावर दोन मजली बाथरूमचा जिना-मनोरा बांधला आणि माडीच्या मागच्या दारातून तिथे जायची वाट काढली. जुन्या भिंतीला त्याचा भार नाही, सगळे पाइप बाहेर, दिसतील असे. समोरून घराचं रूप जसंच्या तसं. तुमच्याकडे मागे जागा असेल तर हेच करा.

बिजागऱ्या, कड्या, स्क्रू पितळेचे घ्या. खाऱ्या हवेत लोखंडी स्क्रू गंजून फुगतो आणि जुनं सागवान चिरतो. गाद्यांना बुरशी येते, म्हणून खाटेला फळ्यांऐवजी पट्ट्या ठेवा आणि भिंतीपासून वीतभर लांब. एसी बसवणार असाल तर भिंत फोडण्याआधी चुन्याच्या माणसाला विचारा. आम्ही झडपांच्या खिडक्या दुरुस्त केल्या आणि कौलाखाली वारा जायला फटी मोकळ्या ठेवल्या. मे महिना सोडला तर पंख्यावर भागतं.

पैसा येईल का? हळूहळू येतो. जिल्हा १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला, पुढच्या वर्षी कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ झाला, तो तर तुमच्याच तालुक्यात. तरी लोक मालवण-तारकर्लीला जास्त जातात हे खरं. वेंगुर्ल्याला येणारा पाहुणा शांतता शोधत येतो आणि दोन रात्री जास्त राहतो. त्याला दहा खोल्यांचं स्लॅबचं लॉज कुठेही मिळतं. सज्जात बसून बांगड्याचं तिखलं आणि सोलकढी मिळणारी जागा नाही मिळत. चार खोल्यांवर घर चालतं, पण घरातलं कोणीतरी तिथे राहायला हवं. सरकारच्या न्याहारी व निवास योजनेतही तीच अपेक्षा आहे. पुण्या-मुंबईतून फोनवर हे जमत नाही. तुम्ही तिथे राहणार का, हे आधी ठरवा.

आणि मिळकत पत्रिकेवर किती नावं आहेत? एक रुपया खर्च करायच्या आधी सगळ्या हिस्सेदारांची लेखी संमती घ्या. चुलतभावांना विरोधक समजू नका, त्यांना वाटा दाखवा. आमच्याकडे मोठ्या दिरांचा वाटा महिन्याच्या उत्पन्नात ठरला, तेव्हाच काम हललं. समुद्र किती जवळ आहे त्याप्रमाणे सीआरझेडची, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या नियमांची, चौकशीही नगरपरिषदेत आधीच करून घ्या.

मुग्धा_वेंगुर्ला

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार.

कौलं उलटून बघितली. पुढच्या बाजूची मिशनच्या ठशाची, मागच्या बाजूची बहुतेक कॉमनवेल्थ ट्रस्टची. रस्ता खरंच जोत्याच्या वर आलाय, विटेची एक उभी उंची भरेल इतका, आणि भिंतीलगत दोन्ही बाजूंना कोबा आहे.

काका, तुम्ही म्हणालात तसंच आहे. १९५४ च्या रजिस्टरात जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर ऑगस्ट संपेपर्यंत जेमतेम अर्धं पान. एका मे महिन्याच्या पानावर येण्याच्या कारणात कोणीतरी लिहिलंय, "मुलीस पोचविणे". पुढच्या वर्षी त्याच माणसाचं नाव परत, कारण "मुलीस आणणे, बाळंतपण". मी ते भावांना वाचून दाखवलं. थोरला बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, एक पावसाळा थांबू. पत्रिकेवर सहा नावं आहेत, त्यातल्या चौघांच्या सह्या मिळतील असं दिसतंय. राहण्याचं विचारलंत, तर हो, मी आणि आई दिवाळीनंतर तिकडेच जातोय.

दोन प्रश्न राहिले. रजिस्टरं लॅमिनेट करून खानावळीत लावावीत असं भाऊ म्हणतोय, करावं का? आणि तुळयांची टोकं कुजलीत का, हे भिंत न फोडता कसं ओळखायचं?

चिरेबंदी

लॅमिनेट मुळीच करू नका. उष्णतेने कागद खराब होतो आणि प्लास्टिक परत निघत नाही. पानांचे चांगले फोटो काढून ते छापा आणि भिंतीला लावा. मूळ वह्या सुती कापडात बांधून, जमिनीपासून आणि बाहेरच्या भिंतीपासून लांब, कोरड्या कपाटात ठेवा. पत्र्याच्या ट्रंकेत पावसाळ्यात घाम धरतो.

तुळयांचं सोपं आहे. माडीखाली उभं राहून लाकडी हातोडीने प्रत्येक तुळई मधून ठोकत भिंतीपर्यंत जा. निरोगी लाकूड खणखणीत वाजतं, भिंतीजवळ आवाज भद्द झाला तर खूण करा. मग त्या जागी पातळ पटाशी किंवा अणकुचीदार सळई दाबून बघा. सागवानात ती नखभरही जाणार नाही, कुजलेल्यात सरळ घुसते. बाहेरच्या भिंतीतली टोकं आणि पत्र्याखालची बाजू आधी बघा, तिथेच जास्त शक्यता. टोक कुजलं म्हणून अख्खी तुळई काढायची गरज नसते. खालून टेकू देऊन खराब भाग कापतात आणि त्याच जातीच्या जुन्या लाकडाचा लांब तिरका जोड देऊन पितळी किंवा स्टीलच्या बोल्टने आवळतात. जोड भिंतीत जातो तिथे चुन्यात बसवा आणि भोवती बोटभर मोकळी जागा सोडा, वारा लागला पाहिजे. टेकू दिल्याशिवाय कोणालाही कापू देऊ नका.

खुणा करून झाल्या की फोटो इथेच टाका, प्रत्येक तुळईला खडूने नंबर घालून. कुठली जोडायची आणि कुठली बदलावीच लागेल ते फोटोवरून बरंचसं सांगता येईल. चुना विरवायला हौद लागेल तो आजच बघून ठेवा, जुन्या खानावळीत पाण्याचा हौद असेलच.